झाकली प्रत : एक पत्र, अनेक पालक आणि बीसीसीचा धडा



आज एका अगदी छोट्या गोष्टीबद्दल लिहिते आहे. ई-मेल लिहायला घेतला की वर तीन चौकटी असतात : 'टू', 'सीसी' आणि 'बीसीसी'. पहिली सगळेच वापरतात. दुसरी कचेरीत काम करणाऱ्यांना ठाऊक असते. तिसरीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. शाळेतून पालकांना पत्र पाठवायचं असेल तर मला ही तिसरीच चौकट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आणि ती नीट समजायची असेल, तर एकदा तरी माउस बाजूला ठेवून, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून पत्र पाठवून बघावं. मी अलिबाग तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. नववीच्या मुलांना हा धडा मी दरवर्षी देते. तो इथे तुमच्यासाठी मांडते.

कार्बनपासून सुरुवात करूया

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. कोर्टाबाहेर किंवा तहसील कचेरीपाशी टंकलेखकाच्या टेबलाजवळ उभं राहून ज्यांनी अर्ज टाइप करून घेतलाय, त्यांना तो निळा-काळा कागद आठवत असेल. दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये कार्बन ठेवायचा, की एका ठोक्यात दोन प्रती. कुणाकुणाला प्रत गेली, ते पत्राच्या तळाशी लिहिलेलं असायचं. ते सगळ्यांना दिसायचं.

पण कधी कधी एखाद्याला प्रत पाठवलीय हे मूळ पत्र घेणाऱ्याला कळू द्यायचं नसे. मग टंकलेखक मूळ कागद काढून घ्यायचा आणि ते नाव फक्त कार्बनच्या प्रतीवर टाइप करायचा. ही झाली 'ब्लाइंड' कार्बन कॉपी, म्हणजे बीसीसी. मुलांना मी 'झाकली प्रत' म्हणून सांगते. लगेच कळतं.

पालकांना सांगायचं तर आणखी सोपं उदाहरण आहे. व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे सीसी. तिथे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे बीसीसी. निरोप सगळ्यांना जातो, पण प्रत्येकाला तो आपल्या एकट्यालाच आलाय असा दिसतो. ब्रॉडकास्टला मर्यादा आहेत. एका यादीत २५६ जणच बसतात, आणि तुमचा नंबर ज्यांनी आपल्या फोनमध्ये जपून ठेवलाय त्यांनाच निरोप पोचतो. ई-मेलला ही दुसरी अट नाही.

यादीत नाव असण्याची किंमत

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं तो दिवस श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडचं कुणी विसरणार नाही. छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले. कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. त्यात कोरोनामुळे शाळा बंद. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा चिखल झालेला.

मदत करणारे पुष्कळ पुढे आले, आणि मनापासून आले. अशाच एका गटानं आमच्या भागातल्या काही कुटुंबांना वह्या, दप्तरं आणि थोडे पैसे द्यायचं ठरवलं. कधी, कुठे यायचं याचा ई-मेल त्यांनी सगळ्या कुटुंबांना एकदमच पाठवला. सगळे पत्ते 'टू'च्या चौकटीत. ज्यांच्याकडे ई-मेल नव्हता त्यांच्या नातेवाइकांचे पत्ते. सोबत 'लाभार्थी' असं शीर्षक असलेली यादी.

दोन दिवसांत ती यादी फोनाफोनी फिरली. कुणाकुणाला मदत मिळते आहे, किती मिळते आहे, याची चर्चा सुरू झाली. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी वह्या परत पाठवल्या. वाडीवाला माणूस. आल्यागेल्याच्या हातात आयुष्यभर शहाळं ठेवणारा. त्या वर्षी त्यांची उभी बाग गेली होती. मदतीची गरज त्यांना होतीच. फोनवर ते एवढंच म्हणाले, "बाई, मदत घ्यायला लाज नव्हती हो. पण गावभर वाचून दाखवली गेली."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. एका चौकटीऐवजी दुसरी चौकट वापरली गेली, एवढंच झालं होतं. पण त्या मुलीला नव्या वह्या मिळाल्या नाहीत, हेही तितकंच खरं. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, असं आपण म्हणतो. बीसीसीची चौकट नेमकं हेच काम करते.

आपल्याकडेच असं होतं असंही नाही. २०१५ साली लंडनमधल्या ५६ डीन स्ट्रीट या दवाखान्याने एक वार्तापत्र सुमारे ७८० लोकांना उघड्या पत्त्यांनी पाठवलं. त्यातले बहुतेक जण एचआयव्हीचे रुग्ण होते. बहुतेक पत्त्यांमध्ये पूर्ण नाव होतं. त्याबद्दल १,८०,००० पौंडांचा दंड झाला. २०२१ साली काबूल तालिबानच्या हाती गेल्यानंतर काही आठवड्यांतच ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडून असाच ई-मेल गेला. त्यात ब्रिटिशांसाठी काम केलेल्या अडीचशेच्या आसपास अफगाण लोकांचे पत्ते एकमेकांना दिसले. तिथे प्रश्न जिवाचा होता. म्हणजे बघा, गाव लहान असो की सरकार मोठं, चौकट तीच आणि चूकही तीच.

वर्गात करायचा खेळ : पाकीट आणि चिठ्ठी

आता धड्याकडे वळूया. मुलांना मी आधी एक प्रश्न विचारते. चिठ्ठीत 'प्रिय आजी' असं लिहिलं, पण पाकिटावर पत्ता मामाचा घातला, तर चिठ्ठी कुणाकडे जाईल? सगळी मुलं ओरडतात, "मामाकडे!" बरोबर. पोस्टमन चिठ्ठी वाचत नाही, पाकीट वाचतो.

ई-मेलचंही अगदी असंच आहे. आपल्याला पडद्यावर 'टू', 'सीसी' असं जे दिसतं, ती चिठ्ठीची वरची ओळ. पाकीट वेगळं असतं आणि ते आपल्याला दिसत नाही. बीसीसी म्हणजे काय, तर पाकिटावर पत्ता आहे पण चिठ्ठीत नाव नाही.

हे पाकीट कसं लिहिलं जातं, याचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढले. त्याला एसएमटीपी म्हणतात. मूळ नियम इतके सोपे आहेत की मुलं त्याचं नाटुकलं करू शकतात. एक मुलगा 'पाठवणारा' होतो, एक मुलगी 'सर्व्हर' होते, आणि संवाद असा चालतो :

पाठवणारा म्हणतो, "हेलो." सर्व्हर म्हणते, "२५०", म्हणजे 'ठीक आहे'.
पाठवणारा म्हणतो, "मेल फ्रॉम", आणि आपला पत्ता सांगतो. सर्व्हर : "२५०".
पाठवणारा म्हणतो, "आरसीपीटी टू", आणि एका पालकाचा पत्ता सांगतो. सर्व्हर : "२५०". जितके पालक तितक्या वेळा हे वाक्य.
मग पाठवणारा म्हणतो, "डेटा". सर्व्हर : "३५४", म्हणजे 'सांग आता मजकूर'.
तो पूर्ण चिठ्ठी वाचतो. चिठ्ठी संपली हे सांगायला शेवटच्या ओळीवर फक्त एक टिंब. सर्व्हर : "२५०".
शेवटी "क्विट". सर्व्हर : "२२१". राम राम.

हा खेळ तीन-चार वेळा झाला की मुलं स्वतःच विचारतात, "बाई, पत्ते तर 'डेटा'च्या आधीच सांगून झाले. मग चिठ्ठीत परत लिहायचे कशाला?" झालं! धडा समजला. चिठ्ठीत कुणाची नावं दिसावीत, हे लिहिणारा ठरवतो.

याच खेळातून आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येते. चिठ्ठीच्या आत 'तुमच्या बँकेकडून' असं कुणीही लिहू शकतो. म्हणून आलेल्या ई-मेलमधल्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. हे मुलांनी घरी आईबाबांना सांगितलं तरी पुष्कळ झालं.

काळ्या पडद्यावरून

'कमांड लाइन' म्हटलं की पालक जरा दबकतात. पण १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्या देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा स्वस्तातली खाती अशीच होती. चित्रं नाहीत, माउस नाही, नुसती अक्षरं. 'पाइन' नावाच्या प्रोग्राममध्ये लोक ई-मेल वाचायचे आणि लिहायचे. त्या वेळी कॉलेजात असलेले कित्येक जण आज पालकसभेला येतात.

आमच्या संगणक कक्षात जुने संगणक आहेत. त्यांवर लिनक्स चालतं, आणि ते फुकट आहे. पावसाळ्यात नेट रांगत असतं, तेव्हा साध्या अक्षरांचं पत्र झटकन जातं. आमच्या काही मुलांचे वडील जहाजावर असतात. भर समुद्रात नेट महाग आणि हळू, तिथेही साधं पत्र पोचतं. शिवाय पलीकडचा सर्व्हर बंद असला तर पाठवणारा सर्व्हर हात झटकून मोकळा होत नाही. साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या आपल्या किनाऱ्याला हे फार सोयीचं आहे.

पायऱ्या अशा. नावं मी देवनागरीत देते, टाइप मात्र छोट्या इंग्रजी अक्षरांत करायचं.

१. एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पालकांचे पत्ते लिहा. एका ओळीवर एकच पत्ता.

२. पत्ते मोजा. 'डब्ल्यूसी -एल' ही कमांड फाइलमध्ये किती ओळी आहेत ते सांगते. शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेलं नसेल तर ती एक कमी सांगते, तेव्हा गोंधळू नका.

३. 'सीएचमॉड ६००' ही कमांड देऊन ती फाइल कुलूपबंद करा. मग त्या संगणकावर बसणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या खात्यातून ती उघडत नाही. यादी म्हणजे ऐवज, हे मुलांना इथे कळतं.

४. पत्र दुसऱ्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. शुद्धलेखन तपासा.

५. आता पाठवणं. 'मेलएक्स' नावाचा प्रोग्राम वापरायचा. आधी 'मेलएक्स', मग '-एस' आणि अवतरणचिन्हांत विषय. मग '-बी' आणि स्वल्पविरामांनी जोडलेले पालकांचे पत्ते. मग शाळेचा स्वतःचा पत्ता. शेवटी गणितातलं 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि पत्राच्या फाइलचं नाव. 'बी' म्हणजे ब्लाइंड. ओळीओळीने लिहिलेले पत्ते स्वल्पविरामाने जोडायला 'पेस्ट' ही कमांड आहे, हाताने करायची गरज नाही.

'टू'मध्ये शाळेचाच पत्ता आहे हे लक्षात आलं ना? पत्र दिसायला शाळेनं शाळेलाच लिहिलेलं, आणि पोचलं सगळ्यांना.

जीमेलच्या खात्यातून पाठवायचं असेल तर मध्ये 'एमएसएमटीपी'सारखा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. आपला नेहमीचा पासवर्ड त्यात घालायचा नाही. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्रं जातात. एका शाळेच्या एका इयत्तेला हे भरपूर झालं.

आधी चाचणी, मग पत्र

इथे मी जरा कडक आहे. खऱ्या यादीला पत्र पाठवण्याआधी आपल्याच दोन-तीन खात्यांवर ते पाठवून बघायचं. एक खातं 'टू'मध्ये, बाकीची झाकलेली. मग प्रत्येक खात्यात जाऊन 'शो ओरिजिनल' उघडायचं आणि बीसीसीची ओळ कुठे दिसते का ते शोधायचं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? त्याला कारण आहे. ई-मेलच्या चिठ्ठीचे नियम २००८ साली पुन्हा लिहिले गेले. त्यांत बीसीसी हाताळायच्या तीन पद्धती दिल्या आहेत. त्यांतल्या एका पद्धतीत 'टू' आणि 'सीसी'वाल्यांना झाकलेली नावं दिसत नाहीत, पण झाकलेल्यांच्या प्रतीत बीसीसीची ओळ राहू शकते. म्हणजे ज्यांना झाकायचं तेच एकमेकांना दिसणार! आज बहुतेक प्रोग्राम ती ओळ काढून टाकतात. पण 'मट' नावाच्या जुन्या, लोकप्रिय प्रोग्राममध्ये ही ओळ पत्रात लिहिली जायची, आणि 'एक्झिम' नावाचा सर्व्हर ती आपणहून काढत नसे. मटच्या माहितीपुस्तिकेतच एक्झिम वापरणाऱ्यांसाठी तशी सूचना आहे. तेव्हा "संगणक बघून घेईल" असं समजून चालत नाही. एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचं.

चाचणीत आणखी एक गोष्ट कळते. मेलएक्सच्या काही जुन्या आवृत्त्यांत देवनागरी विषयाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. तसं झालं तर विषय इंग्रजी अक्षरांत लिहा आणि मजकूर मराठीत ठेवा.

झाकू नये तेव्हा

प्रत्येक ठिकाणी झाकली प्रत चांगलीच असं मात्र नाही. मुलांना मी दोन उदाहरणं देते.

सहलीची तयारी करणाऱ्या पाच शिक्षकांना पत्र लिहिताना नावं उघडीच हवीत. कुणाला काय सांगितलंय हे सगळ्यांना कळायला हवं, नाहीतर एकच काम तिघं करतील आणि दुसरं कुणीच करणार नाही.

आणि एखाद्या पालकाशी चाललेल्या पत्रव्यवहाराची प्रत गुपचूप तिसऱ्याला पाठवणं, हे मला बरं वाटत नाही. भिंतीआड कुणाला तरी उभं करून बोलण्यासारखं आहे ते. शिवाय तो तिसरा 'रिप्लाय ऑल' दाबून बसला की सगळं उघड होतं. दुबळ्याला सांभाळायला झाकलं तर ती माया. समोरच्याला फसवायला झाकलं तर ती लबाडी. चौकट एकच, पण हेतू बघायचा. मूल्यशिक्षणाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

विषय नाजूक असेल, म्हणजे फी थकलेली आहे, मुलाला शिकण्यात अडचण आहे, मदत द्यायची आहे, तर मी झाकली प्रतही वापरत नाही. प्रत्येकाला वेगळं पत्र पाठवते. कमांड लाइनवर हे अवघड नाही. यादीतला एकेक पत्ता घेऊन पत्र पाठवणारी चार ओळींची फाइल करता येते. मध्ये काही सेकंद थांबायला 'स्लीप' ही कमांड आहे. पत्रात पालकाचं नाव घालता येतं. "सर्व पालकांस" ऐवजी स्वतःचं नाव वाचलं की माणूस पत्र शेवटपर्यंत वाचतो, हा माझा अनुभव आहे.

आणि ज्यांच्याकडे ई-मेलच नाही त्यांचं काय? होडीवर जाणारे, वाडीत राबणारे पुष्कळ पालक आहेत. त्यांच्यासाठी बंद पाकिटातली चिठ्ठी, नाहीतर घरी एक फेरी. झाकली प्रत माणसाच्या रूपातही पोचवता येते.

पालकांनो, तुम्हीही विचारा

११ ऑगस्ट २०२३ ला आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची खात्रीशीर संमती लागते. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाची भीती हे शेवटचं कारण असावं. माझा पत्ता माझा आहे आणि तो कुणाला दाखवायचा हे मी ठरवणार, एवढं कळलं तरी पुरे.

तेव्हा शाळेकडून, शिकवणीकडून, मंडळाकडून ई-मेल आला आणि त्यात शेकडो पत्ते उघडे दिसले, तर रागावू नका. फक्त पाठवणाऱ्यालाच, 'रिप्लाय ऑल' न दाबता, नम्रपणे कळवा : "पुढच्या वेळी पत्ते बीसीसीमध्ये घालाल का?" बहुतेकांना ती चौकट माहीतच नसते. सांगितलं की ऐकतात.

शिक्षकांसाठी एक गृहपाठ. पालकसभेचं पुढचं पत्र पाठवायच्या आदल्या दिवशी वर्गात पाकीट-चिठ्ठीचा खेळ घ्या. पंधरा मिनिटं पुरतात. मग आपल्याच दोन खात्यांवर चाचणी करा. मुलांनाच 'शो ओरिजिनल' उघडून बीसीसीची ओळ शोधू द्या. ती सापडली नाही, की मुलांच्या हातूनच एंटर दाबून घ्या.